रामटेकचा बेत

नाचणगांवाहून रामटेकास जाण्याचें ठरवितांना वृद्धांस पायऱ्यांचें भय घालून घरीं ठेवण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. ज्या आजीनें जन्मभर इतरांच्या यात्रेसाठीं दशम्या केल्या, तिलाच प्रथम गाडींत बसवावें! पुलगांवास आगगाडी धरावी, नागपुरास मुक्काम करावा. पुढें गडावर मंदिराजवळपर्यंत मोटार जाते. रामदर्शनाच्या घाईंत केवल-नरसिंहाचें लहानसें देऊळ मात्र चुकवूं नये. तें इ. स. ५ व्या शतकांतील, वाकाटकांच्या काळचें असून, त्यांतील शिलालेखांत प्रभावतीगुप्ता राणीच्या कुटुंबाची हकीकत आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या पतीच्या मागें अल्पवयी पुत्रांच्या वतीनें राज्य चालवीत होती. घरांतील मुलींस हें तेथेंच सांगावें. फराळाच्या पिशव्या सांभाळाव्या; गडावरील माकडें फार धीट आहेत.