साचेखाते बंद, रिंगखाते खुले : आपल्या पोरांना फ्रेमवर्क कोण शिकवणार?

परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगाराला मज्जाव नव्हता. त्याला काम मिळत होते, फक्त साचेखात्यात मिळत नव्हते. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे, अशी कामाची पद्धत होती. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असे म्हणत सवर्ण विणकरांनी ते खाते स्वतःपुरते राखून ठेवले. साचेखात्यात मजुरी जास्त आणि रिंगखात्यात कमी. आपली माणसे रिंगखात्यात. १९२८ च्या संपात हा भेदभाव मागण्यांमध्ये घ्या म्हणून बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांशी भांडावे लागले. मालकांशी भांडण नंतरचे, आधी लाल बावट्याखालच्या आपल्याच सोबत्यांशी.

१९३८ च्या मनमाडच्या भाषणातले ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आपल्या प्रत्येक वक्त्याला तोंडपाठ आहेत. पण त्याच भाषणात बाबासाहेब कामाच्या प्रतवारीबद्दल बोलले होते, हे कितीजण सांगतात? रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो, त्याला वरची जागा का मिळत नाही, हा तिथला रोकडा प्रश्न होता. नोकरी मिळाली का, एवढे विचारून ते थांबत नव्हते. कोणत्या खात्यात मिळाली, हे ते विचारत.

तोच प्रश्न मी आज लोअर परळच्या काचेच्या इमारतींकडे बघून विचारते. गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर कामगार देशोधडीला लागला आणि फिनिक्स, कमला यांच्या आवारात मॉल आणि ऑफिसे आली. आपली पोरे तिथे जातात, नाही असे नाही. सिक्युरिटीत जातात, हाउसकीपिंगला जातात, पार्सल पोचवायला जातात. शिकलेली डेटा एन्ट्रीला, बॅक ऑफिसला, कॉल सेंटरला जातात. बी.एस्सी. आयटी झालेली पोरेसुद्धा मी बघते, संगणकासमोर बसतात, पण दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आकडे भरायला. प्रोग्राम लिहिणारे वरच्या मजल्यावर. हे आजचे रिंगखाते आहे आणि त्याला ‘आयटीत लागला’ म्हणून आपण पेढे वाटतो.

इथे दारावर पाटी नाही. कुणाच्या तोंडाचा धागा कुणी नाकारत नाही. मग अडते कुठे? समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने याचे उत्तर गुणवत्तेत शोधू नये, घरात शोधावे. वेबसाइट बनवण्यासाठी आज कुणी पहिल्या अक्षरापासून सगळे लिहीत नाही. लॉगिन, डेटाबेसशी बोलणे, फॉर्म तपासणे, सुरक्षा या सगळ्याची तयार मांडणी मिळते, तिला फ्रेमवर्क म्हणतात : जँगो, लाराव्हेल वगैरे. ती फुकट असते, कुणीही डाउनलोड करावी. पण ती शिकताना पहिल्या दोन दिवसांत शंभर ठिकाणी अडायला होते. रात्री अकराला पडद्यावर लाल अक्षरांत वीस ओळींची चूक उमटते. ज्याचा मामा हिंजवडीत आहे, तो मामाला फोटो पाठवतो आणि पाच मिनिटांत पुढे सरकतो. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी संगणकाला हात लावलेला नाही, तो लॅपटॉप बंद करतो आणि सकाळी उठून ‘हे आपल्याला जमणारे नाही’ म्हणतो. जात आज त्या पाच मिनिटांत बसलेली आहे.

म्हणून मी म्हणते की आपल्या चळवळीने मराठीत, आपल्या भाषेत, फ्रेमवर्क शिकवणारे व्हिडिओ धडे तयार करायला घेतले पाहिजेत. व्हिडिओ हा आपल्या पोरांचा तो मामा आहे. आमच्या अभ्यासिकेत आम्ही ते सुरू केले आहे. मी प्रोग्रामर नाही. शिकवणारी दोन पोरे आहेत, ती नोकरीवरून आली की बसतात. माझे काम संहिता वाचून ‘हे मला कळले नाही’ म्हणण्याचे. त्या कामाला किंमत आहे, ते पुढे सांगते.

यावर चळवळीतूनच जी टीका होते तिचा समाचार आधी घेते.

पहिली टीका : यूट्यूबवर सगळे आहे, तुम्ही कशाला? हिंदीत खरोखर भरपूर आहे, इंग्रजीत तर समुद्र आहे. पण ते कुणाला गृहीत धरून बनले आहे ते बघा. नवा लॅपटॉप, सलग इंटरनेट, स्वतंत्र खोली. शिकवणारा कधी चुकत नाही, कारण चुकलेला भाग तो कापून टाकतो. आणि आपली पोरे नेमकी त्या कापलेल्या भागातच अडकलेली असतात! उदाहरणेही बघा, पिझ्झाचे दुकान, प्रवासाचे बुकिंग. आम्ही जो प्रकल्प घेतला आहे तो विहाराच्या ग्रंथालयाचा आहे. कोणते पुस्तक कुणाकडे, कधी नेले, परत आले का. मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट हे तीन शब्द त्यातून समजतात आणि शेवटी हातात कामाची वस्तू राहते.

दुसरी टीका जास्त वजनदार आहे आणि ती आपल्यातल्या शिकलेल्या माणसांकडून येते : इंग्रजी ही मुक्तीची भाषा आहे, तुम्ही पोरांना मराठीच्या डबक्यात का ढकलता? चंद्रभान प्रसादांनी इंग्रजीला देवीच्या रूपात मांडले, त्यामागचा राग मला कळतो. मराठीचा पुळका असलेले स्वतःची मुले कुठल्या शाळेत घालतात तेही मला माहीत आहे. पण बाबासाहेबांनी काय केले ते बघू. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ इंग्रजीत लिहिले. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ मात्र मराठीत काढली. जगाशी आणि सरकारशी इंग्रजीत, आपल्या माणसांशी मराठीत. ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालेल्या ‘मूकनायक’चे कार्यालय याच परळमध्ये पोयबावडीला होते आणि शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. त्या वेळी ‘आधी इंग्रजी शिका, मग वाचा’ असे कुणी म्हटले असते तर?

शिवाय प्रोग्रामिंगमध्ये हा वाद मुळातच खोटा आहे. कोड इंग्रजीतच असतो, तो कुणी मराठीत करायला सांगत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे फार आधी ओळखले. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशातून पवईत हे काम उभे राहिले. साधारण दहा मिनिटांचा एक धडा. पडद्यावर दिसणारे सगळे इंग्रजीत राहते, फक्त आवाज मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत. विद्यार्थ्याने एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून जसे दिसेल तसे करत जायचे. डोळा इंग्रजीवर, कान मायबोलीवर. पीएचपी, जावा, पायथन, ड्रुपल, बरेच विषय त्यात आहेत. आणि ध्वनिमुद्रणाआधी संहिता ज्याला विषय येत नाही अशा माणसाकडून तपासून घेतात. मी वर म्हटले ते माझे काम हेच. पद्धत त्यांची आहे, आम्ही उचलली आहे. आयआयटीत कोण पोचते, कोण तिथून गळते, याबद्दल आपले भांडण आहेच आणि ते चालू राहील. पण सरकारी पैशाने, म्हणजे आपल्याही पैशाने, जे खुल्या परवान्यावर तयार झाले ते वापरायचे नाही, हा कुठला स्वाभिमान?

त्यातही एक अडचण आहे. सरकारी छापाची मराठी! ‘संकेतस्थळ’, ‘आज्ञावली’, ‘चलपट्टिका’ असले शब्द ऐकले की आमची पोरे हसतात आणि मग व्हिडिओ बंद करतात. संस्कृतच्या कारखान्यात पाडलेले हे शब्द ज्ञान सोपे करायला आले की राखायला, हा प्रश्न फुल्यांनी विचारला असता. आमचा नियम साधा आहे. फाईलला फाईल, सर्व्हरला सर्व्हर, एररला एरर. मराठी वापरायची ती क्रियापदात आणि समजावण्यात : “ही ओळ काढून बघ, काय बोंबलतंय ते वाच.” एकाने असे शिकवणे ‘प्रमाण’ नाही म्हणून नाक मुरडले. त्याला म्हटले, तुझ्या प्रमाण भाषेत तू कर, आम्ही बघू.

जँगोच का घेतले, असेही विचारतात. पायथन शिकायला सोपी, आणि कागदपत्रे उत्तम, हे खरे कारण. पण या फ्रेमवर्कचा जन्म कुठे झाला ते ऐका. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वृत्तपत्राच्या कार्यालयात. बातम्यांच्या घाईत रोज नवी पाने उभी करावी लागत, त्या गरजेतून २००३ च्या सुमारास काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ते जगाला फुकट दिले गेले. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. हा माणूस रोमा होता. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघालेले, युरोपने गावकुसाबाहेर ठेवलेले, ‘जिप्सी’ म्हणून हिणवलेले आणि हिटलरने लाखोंनी मारलेले लोक. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांनी त्याने गिटार वाजवण्याची नवी रीत काढली. सॉफ्टवेअरचे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात संगीतच होते, हे मला मान्य. तरीही हे नाव आपल्या पोरांना सांगताना मी ते का सांगते, हे तुम्हाला कळेल.

आणि बायकांनी काय केले तेही बघा. २०१४ मध्ये बर्लिनमध्ये दोन पोलिश मुलींनी ‘जँगो गर्ल्स’ सुरू केले. प्रोग्रामिंगच्या खोल्यांत बायका का दिसत नाहीत, यावर परिसंवाद भरवत बसल्या नाहीत. अगदी नवख्या मुलीसाठी स्वतः धडे लिहिले, खुले ठेवले, मग जगभर लोकांनी त्यांची भाषांतरे केली. त्याच वर्षी जँगोच्या कागदपत्रांतले डेटाबेससाठी वापरले जाणारे ‘मास्टर-स्लेव्ह’ हे शब्दही वादानंतर बदलले गेले. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये लिहिणाऱ्या माणसाच्या वारसांनी या वादात एकही ओळ लिहिली नव्हती, कारण त्या खोलीत आपण नव्हतोच.

आता नवे टुमणे निघाले आहे : एआय कोड लिहून देतो, मग शिकायचे कशाला? अरे, मग वरच्या मजल्यावरच्यांनी शिकणे सोडले का? यंत्राने लिहिलेला कोड बरोबर आहे की चूक, हे वाचता येणारा माणूस लागतो आणि तो माणूस पुन्हा साचेखात्यातलाच असणार. न शिकलेल्याच्या हातात एआय म्हणजे पुन्हा आकडे भरणेच, फक्त बटण वेगळे.

सगळ्यात कडू टीका मात्र अशी की हे चळवळीचे काम नाही, हे करिअरवाद्यांचे काम. माझा प्रश्न असा आहे की बहिष्कृत हितकारिणी सभेने काय केले होते? ९ मार्च १९२४ ला परळच्याच दामोदर हॉलमध्ये बैठक झाली, सभा स्थापन झाली आणि वसतिगृह, वाचनालय असली ‘बिनक्रांतिकारक’ कामे तिने हाती घेतली. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. पोर शिकायला राहील कुठे, हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका पिशव्या भरून नेणारी आपली माणसे जगाने पाहिली आहेत. दहा मिनिटांचा फुकट धडा ही त्या पुस्तिकेचीच पुढची आवृत्ती आहे. एका जयंतीच्या एलईडी पडद्याच्या भाड्यात दोन चांगले माइक आणि एक जुना लॅपटॉप येतो, हा हिशेब मंडळांच्या बैठकीत मी मांडला आहे आणि पुन्हा मांडणार आहे.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. बहुतेकांकडे फक्त मोबाइल आहे. त्यावर बघता येते, करून बघता येत नाही. म्हणून अभ्यासिकेत ऑफिसांनी टाकून दिलेले चार लॅपटॉप दुरुस्त करून ठेवले आहेत आणि पाळीने मिळतात. मोबाइलवर कोड दिसावा म्हणून अक्षर दुप्पट मोठे ठेवतो, एका वेळी पडद्यावर दहा-बारा ओळींच्या वर नाही. आवाज रात्री साडेअकरानंतर घेतो, कारण त्याआधी चाळीत शांतता नसते; डोक्यावर गोधडी घेऊन माइकसमोर बसलेला पोरगा बघून आजीबाई विचारतात, काय चाललंय. आणि व्हिडिओ शिळे होतात. जँगोची नवी आवृत्ती दर आठ महिन्यांनी येते, त्यामुळे प्रत्येक धड्याच्या पहिल्या वाक्यात आवृत्तीचा आकडा सांगायचा असे ठरले आहे. आम्ही ५.२ धरली आहे. ती एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे तोवर धडे वापरण्यासारखे राहतील.

चार धडे तयार आहेत : पायथन बसवणे, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पहिले पान, आणि एक संपूर्ण धडा फक्त एरर वाचण्याचा. पाचवा मायग्रेशनचा. त्याची संहिता लिहिलेली आहे, पण ती मला दोनदा वाचून कळलेली नाही, म्हणून अडली आहे. ज्या भावाबहिणींना जँगो येते त्यांनी रविवारी संध्याकाळी अभ्यासिकेत यावे. ज्यांना येत नाही त्यांनी तर यावेच, तपासायला माणसे कमी पडतात.