बारा कोअर आणि एक ड्रायव्हर

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिट या बारा कोअरच्या चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉप जून २०२४ मध्ये बाजारात आले आणि इंटेल-एएमडीची सद्दी संपणार का, ही चर्चा सुरू झाली. उद्याचे बरेचसे पीसी आर्म जातीच्या अशा चिपवर चालू शकतील, असं मला ठामपणे वाटतं. मात्र त्याचं श्रेय बाराच्या आकड्याला देऊ नये. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलेला हिशेब आजही लागू आहे. कामाचा दहावा हिस्सा एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर बारा कोअर लावूनही वेग जेमतेम पावणेसहापट होतो आणि हजार लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. व्हिडिओ एडिटिंगला जास्त कोअर कामी येतात. पत्र टाइप करताना किंवा एक्सेलची फाइल उघडताना बहुतेक कोअर बसूनच असतात. तिथे एकेक कोअर किती चपळ आणि किती कमी वीज खाणारा, यावर सगळं ठरतं. या चिपचं खरं बळ तेच आहे. तिचे कोअर ज्या नुव्हिया कंपनीच्या चमूने घडवले, तिचे संस्थापक पूर्वी अॅपलमध्ये चिप बनवत होते. क्वालकॉमने ही कंपनी २०२१ मध्ये विकत घेतली.

घोडं अडतं ते जुन्या सॉफ्टवेअरपाशी. विंडोजची हजारो सॉफ्टवेअर इंटेलच्या जातीच्या चिपसाठी लिहिलेली आहेत. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आर्मवरचं विंडोज आरटी आणलं, त्यावर ती चालतच नव्हती; पुढच्याच वर्षी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात धरला. आता प्रिझम ही यंत्रणा जुनी सॉफ्टवेअर चालता चालता भाषांतरित करते आणि पुष्कळशी नीट चालतात. प्रिंटरसारखं उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या ड्रायव्हरला मात्र ही सोय नाही, तो आर्मसाठी वेगळा लिहावाच लागतो. अॅपलने हे स्थित्यंतर २०२० ते २०२३ मध्ये पार पाडलं, मग विंडोजला का जमू नये, असं विचारलं जातं. अॅपलची चिप, यंत्र आणि प्रणाली एकाच घरची आहे आणि जुनं मोडीत काढायला ती कंपनी कचरत नाही. विंडोजचं गिऱ्हाईक तर जुनं चालत राहावं म्हणूनच विंडोज घेतं.

आता सगळं ब्राउझरमध्येच होतं, हा दुसरा आक्षेप. विद्यार्थ्यापुरता तो बराचसा खरा आहे. पण करसल्लागाराच्या टेबलावर पाहा. रिटर्न ब्राउझरमधूनच भरलं जातं, तरी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन ओळखायला ड्रायव्हर लागतो. तालुक्याच्या गावातल्या छापखान्यात लग्नपत्रिका जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये जुळवल्या जातात. सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या किल्लीवर चालणारं आणि प्रिंटर कित्येक वर्षांचा. यातला एक ड्रायव्हर मिळाला नाही, तरी बाराही कोअर त्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत. म्हणून टोकन, प्रिंटर आणि मराठी डीटीपीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी आर्मच्या आवृत्त्या आत्ताच काढायला हव्यात. तोवर असा लॅपटॉप घेणाऱ्यांनी आपल्या प्रिंटरचा आणि टोकनचा आर्म ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावं.