नवखा मंद नसतो

मावळात जत्रेच्या आखाड्यात पोर चितपट झाले, की बघे म्हणतात, “मंद आहे, पट दिसला नाही का?” लोणावळ्यात मोबाइलवर लढतीचे खेळ खेळणारी मुलेही नवख्याला हेच ऐकवतात. हे निदान मला साफ चुकीचे वाटते.

मित्राला फूटपट्टी उभी धरून अचानक सोडायला सांगा आणि ती चिमटीत पकडा. ती सुमारे २० सेंटिमीटर घसरेल. गुरुत्व त्वरण ९.८ धरून गणित केले, तर वेळ येतो ०.२ सेकंद. लढतीच्या खेळात पडद्यावर सेकंदाला साधारणपणे ६० चित्रे उमटतात. म्हणजे तुमचे बोट हलेपर्यंत १२ चित्रे सरली! हलका ठोसा तर चार-पाच चित्रांतच लागतो. तो पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही.

शिवाय पट्टी पकडताना पर्याय एकच असतो. पट, ढाक की कलाजंग, असे निवडायचे झाले की वेळ वाढतो. ब्रिटिश संशोधक हिक यांनी १९५२ मध्ये हे मोजून दाखवले.

मुरलेला मल्ल खांदा कलताच पुढचा डाव ओळखतो. नवख्याजवळ ही ओळखच नसते, आणि ती होण्याआधी कुस्ती संपते. म्हणून वस्ताद एकच डाव घोटून घेतात, जोडीदाराला सैल राहायला सांगतात. मोबाइलवरचे खेळ मात्र नवख्याला डावांची यादी दाखवून थेट सामन्यात ढकलतात. (भौतिकीच्या तासालाही असे घडते!)

विद्यार्थी मित्रांनो, फूटपट्टी घेऊन गावच्या तालमीत जा. नवखा आणि मुरलेला, दोघांचे अंतर मोजा. फरक थोडाच निघेल, असा माझा अंदाज आहे.