मोहाचे फूल आणि मान

चैत्र लागला की रामाकोन्याच्या आसपासच्या शाळांतील हजेरी रोडावते. रात्री फुललेली मोहफुले पहाटे गळतात आणि ती वेचावयास मुले आईसोबत रानात जातात. पूर्वी मी रागावत असे. एकदा एका मुलाला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "गुर्जी, ऊन चढलं का ढोरं खाऊन टाकतात जी फुलं!" त्या उत्तरापुढे माझा राग टिकला नाही.

द्राक्षाच्या मद्याची थोरवी आपण ऐकतो; मोहाची विद्याही तितकीच जुनी व नाजूक. वाळवलेली फुले पाण्यात भिजत घातली की त्यांतील साखर आपोआप आंबू लागते. नंतर भट्टीवर अर्क उतरवितात. याच फुलावर १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत कायद्याने निर्बंध घातले. पुढे काळ पालटला. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तर २०२२ साली मध्यप्रदेशाच्या अबकारी धोरणाने मोहाच्या मद्याला वारशाचा दर्जा दिला.

वाचकहो, दारूने उजाडलेली घरे मी पाहिली आहेत. तिची भलामण मी करणार नाही. परंतु बाटलीला मान आणि वेचणाऱ्या हातांना केवळ उन्हाचा चटका, हा न्याय नव्हे. वारशाचे मोल त्या माउलीच्या पदरात पडले, तर चैत्रातही तिचे लेकरू वर्गात दिसेल.