पऱ्हाटीचा धूर ढगात धुतला जातो का?

एका गावच्या बैठकीत पऱ्हाटी जाळण्याचा विषय निघाला. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "भाऊ, धूर त वर जाते. पाणी आलं का धुतल्या जाते. मंग शहरातल्या लोकाइले काहाचा तरास?" बैठक हसली. आम्हीही हसलो. पण उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा कळले की, शेतीची पदवी घेऊनही या प्रश्नाचे नीट उत्तर आमच्याकडे नाही. उलट, किडक्या बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून पऱ्हाटी उपटा आणि पेटवून द्या, असे आम्हीच गावोगाव सांगत फिरलो होतो. म्हणून उशिरा का होईना, हे उत्तर.

बाबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ढगातल्या पाण्यात धुरातली काही द्रव्ये खरोखर मोडतात. ती कशी, हे आधी समजून घेऊ.

पऱ्हाटीचा ढीग धडाडून पेटला तरी नंतर बराच वेळ धुमसत राहतो. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन उष्णतेने तुटते आणि फिनॉल जातीची द्रव्ये धुराबरोबर निघतात. पऱ्हाटीतले नत्रही जळते आणि त्याचे नायट्रोजन ऑक्साईड होतात. हवेत या दोघांची गाठ पडली की नायट्रोफिनॉल तयार होतात. म्हणजे पोत्याने विकत आणलेल्या युरियाचा जो अंश झाडात उरला होता, तोही आपण वर पाठवतो. ही द्रव्ये पिवळी-तपकिरी असतात. उन्हातला निळा-जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश ती शोषून घेतात आणि हवा तापवतात. शास्त्रज्ञ त्यांना 'तपकिरी कार्बन' म्हणतात. काजळी वेगळी. ती सगळाच प्रकाश गिळते आणि ढगातल्या पाण्यात अशी मोडत नाही.

ढगाचा थेंब फार बारीक असतो, केसाच्या जाडीच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र येतील तेव्हा पावसाचा एक टपोरा थेंब होतो. या बारीक थेंबात धुरातली द्रव्ये विरघळतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साईड, नायट्रेट आणि धुळीतून आलेले थोडे लोखंडही असते. ऊन पडले की यांच्यापासून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत चळवळ्या कण तयार होतो. तो नायट्रोफिनॉलच्या कड्यावर तुटून पडतो. गंमत अशी की, पहिल्या घावाने रंग उतरत नाही. कित्येकदा तो अधिक गडद होतो. पुढचे घाव बसून कडे फुटले की रंग जातो आणि ऑक्झॅलिक, फॉर्मिक यांसारखी लहान आम्ले उरतात. त्यांतलाही काही भाग शेवटी कार्बन डायऑक्साईड होऊन जातो.

रंग गेला म्हणजे द्रव्य गेले, असेही समजू नये. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळद तीच असते. पॅरा-नायट्रोफिनॉलचे असेच आहे. चुन्याच्या निवळीसारख्या पाण्यात ते पिवळेजर्द दिसते, आंबट पाण्यात फिके पडते. हे द्रव्य आपल्या ओळखीच्या घरातले आहे. कपाशीवर ज्याची भुकटी आणि फवारे वर्षानुवर्षे मारले आणि ज्यावर २०१८ मध्ये देशात बंदी आली, ते मिथाईल पॅराथिऑन मोडले की हेच पॅरा-नायट्रोफिनॉल तयार होते.

आता बाबांच्या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग. ढगाने धुवायचे तर तीन गोष्टी लागतात : पाणी, ऊन आणि वेळ. पऱ्हाटी पेटते ती वेचणी संपल्यापासून मृगाच्या तोंडापर्यंत. त्या दिवसांत आपल्या कोरडवाहू मुलखात ढग असतात कुठे? असले तरी बहुतेक ढग न बरसताच विरतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ढग विरला की थेंबातले पाणी उडते आणि उरलेले द्रव्य पुन्हा कोरडा कण होऊन हवेतच तरंगत राहते.

वेळेचा हिशेबही झालेला आहे. गंगेच्या मैदानातून बांगलादेशामार्गे मालदीवपर्यंत जाणाऱ्या धुराचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ६,००० किलोमीटरच्या प्रवासात पाण्यात विरघळणाऱ्या तपकिरी कार्बनची प्रकाश शोषण्याची ताकद ८४ टक्क्यांनी घटलेली आढळली. समुद्रावरून जाताना ती रोज साधारण पाचव्या हिश्श्याने घटत होती, म्हणजे निम्मी व्हायला साडेतीन दिवस. निसर्ग आपले काम करतो, यात शंका नाही. पण धूर पहिल्या तासाला कोणाच्या छातीत जातो? ढिगाजवळ उभ्या असलेल्या मायमाउलीच्या, बांधावर खेळणाऱ्या पोराच्या. साडेतीन दिवसांनी समुद्रावर फिका पडलेला धूर त्यांच्या काय कामाचा?

मग शहरवाल्यांचे सगळे खरे का? तसेही नाही. पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हवेतले कण गोळा करून त्यांतला कार्बन-१४ मोजला गेला. काल-परवापर्यंत जगलेल्या झाडाच्या धुरात तो असतो, कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो उरत नाही. २००९ मध्ये निष्कर्ष आला : हिवाळ्यातल्या या कार्बनी कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश जैविक जाळाचे होते. ते आपण नाकारू नये. पण त्या जाळात चुलीही आल्या, आणि उरलेला तिसरा हिस्सा गाड्यांचा, कारखान्यांचा, वीजघरांचा आहे. ढगाच्या भरवशावर ना आपल्याला सुटता येते, ना चिमणीवाल्याला.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, शेतकरी हौसेने पऱ्हाटी पेटवत नाही. कडबा कोणी जाळत नाही, कारण त्याला बैल आहे, बाजार आहे. पऱ्हाटीला काय आहे? चुलीपुरती घरी येते. बाकीची उपटायची मजुरी, न्यायची गाडी आणि वर बोंडअळीचे भय. आगपेटी मात्र दोन रुपयांत येते. दंडाची नोटीस काढून हा हिशेब बदलत नाही. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून जमिनीत गाडता येतात, त्यांचे कंपोस्ट होते, कांडी-कोळसा होतो. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले, त्यालाही बरीच वर्षे झाली. ज्ञान आहे. ते बांधापर्यंत येत नाही, कारण कापणी आणि वाहतुकीचा खर्च भरून निघेल असा भाव कोणी देत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन मागण्या मांडाव्यात असे आम्हाला वाटते. पहिली, पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र वेचणी संपताच गावात भाड्याने मिळाले पाहिजे, जूनमध्ये नव्हे. दुसरी, पऱ्हाटी विकत घेणाऱ्याने शेतावरचा भाव आधी जाहीर करावा. त्याआधी दंडाची भाषा नको. आणि आमच्याकडून एक दुरुस्ती : "पेटवून द्या" हा आमचा जुना सल्ला आम्ही परत घेतो. बोंडअळी मारायची, पण तुकडे करून, गाडून. किडकी बोंडे तेवढी वेगळी वेचून नष्ट करा.

बैठकीला येताना प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावचा आकडा आणावा : किती एकर पऱ्हाटी उभी आहे, त्यातली किती पेटते, आणि उपटून बांधावर आणायला एकरी काय खर्च येतो. त्या आकड्यांवरच भाव मागता येईल.