थोरल्यांची वाट पाहणारे मैदान

क्रीडांगणाचे यश कशावर मोजावे? तेथे किती नामवंत खेळाडू उतरले यावर, की किती सामान्य माणसे संध्याकाळी तेथे आनंदाने बसली यावर? क्रिकेटवर पोसलेल्या आपल्यासारख्यांनी या दृष्टीने अमेरिकेतील बफेलो शहराच्या बेसबॉल मैदानाची कथा जरूर जाणून घ्यावी.

अमेरिकन बेसबॉलला पायऱ्या आहेत. सर्वांत वर मेजर लीग, तिच्याखाली मायनर लीग. खालचे बहुतेक संघ वरच्या एखाद्या संघाशी बांधलेले असतात. खेळाडू तयार झाला की वर जातो. गावाने ज्याला डोक्यावर घेतले, तो उद्या दुसऱ्याच शहराचा झालेला असतो! बफेलोचा 'बायसन्स' हा संघ अशाच खालच्या पायरीवरचा.

बफेलो एके काळी धान्य, गोदी आणि पोलाद यांवर संपन्न झालेले शहर. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि जहाजे बफेलोला टाळून परस्पर समुद्राकडे जाऊ लागली. १९८३ मध्ये शेजारच्या लॅकावॅना येथील प्रचंड कारखान्यातील पोलादनिर्मिती थांबली. १९५० साली ५ लाख ८० हजार असलेली लोकसंख्या १९९० साली ३ लाख २८ हजारांवर आली. अशा पडत्या काळात, ऐन शहराच्या मध्यभागी, सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर खर्चून आणि तेही बहुतांशी सार्वजनिक पैशांतून, 'पायलट फील्ड' उभे राहिले. एप्रिल १९८८ मध्ये तेथे खेळ सुरू झाला.

एवढा खर्च केवळ खालच्या लीगसाठी नव्हता. मेजर लीगचा संघ मिळाला तर वर आणखी मजला चढवून आसने दुप्पट करता यावीत, अशीच मूळ रचना होती. लोकांनी आपली बाजू चोख बजावली. १९८८ ते १९९३ या सहाही हंगामांत दरवर्षी दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. १९९१ मध्ये तर बारा लाखांवर! परंतु त्याच वर्षी नवे संघ मिळाले ते डेन्व्हर आणि मायामी यांना. नव्या संघाचे प्रवेशशुल्कच साडेनऊ कोटी डॉलर होते. वरचा मजला कधीच चढला नाही.

म्हणून हे मैदान फसले असे म्हणणारे आहेत. जनतेचा पैसा स्वप्नावर लावला, हा त्यांचा आक्षेप पोकळ नाही. एका मैदानाने कारखाने परत येत नाहीत. पुढे गर्दीही ओसरली. प्रायोजक बदलले तशी पाटीवरची नावेही बदलत गेली. तरीही मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. रोजगार गेलेल्या शहराची माणसे, जेथे जाण्याचे कारण उरले नव्हते त्या मध्यवस्तीत लाखोंनी जमली, हे काय थोडे झाले? जुन्या विटांच्या इमारतींशी नाते राखणारी ही बांधणी ज्या संस्थेने केली, तिनेच पुढे १९९२ मध्ये बाल्टिमोरचे गाजलेले कॅम्डन यार्ड्स उभारले. म्हणजे थोरल्यांनीही धडा गिरवला तो धाकट्याच्या पाटीवर!

आणि नियतीचा विनोद पाहा. २०२० मध्ये महामारीमुळे कॅनडाने सीमेपलीकडच्या संघांना प्रवेश नाकारला, तेव्हा टोरोंटोचा मेजर लीग संघ आपले 'घरचे' सामने खेळायला बफेलोत आला. ज्याची तीस वर्षे वाट पाहिली तो पाहुणा दारी आला, पण त्या हंगामात प्रेक्षकांना मज्जाव होता. थोरला खेळ होता, आसने रिकामी होती. दुसऱ्या वर्षी प्रेक्षक आले, पण जुलै संपता संपता पाहुणे आपल्या घरी परतले.

या दोहोंपैकी मैदानाचे भाग्याचे दिवस कोणते? माझे उत्तर स्पष्ट आहे: बारा लाख माणसे 'धाकटा' खेळ पाहायला आली, ते. जे गाव आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्याने दिलेल्या दर्जावरून ठरवते, ते भरलेल्या मैदानातही उपाशीच राहते.