नावाला कसली लाज?

दिवाळीच्या फराळाला परगावचा पाहुणा पुण्यात आला, की पत्ता सांगताना यजमान हल्ली ओशाळतो. 'खुन्या मुरलीधराजवळ' म्हणायचे, म्हणजे जणू आपल्याच माजघरात खून पडला! मग तो हळूच कुठल्याशा 'मार्गा'चे नाव सांगतो आणि पाहुणा बिचारा तासभर भटकतो. कारण ते नाव पाटीखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

या ओशाळेपणाचा मला मनस्वी राग आहे. पुणेकरांनी देवांना ठेवलेली नावे म्हणजे नुसती थट्टा नव्हे. ते पत्ते आहेत. मारुती गल्लोगल्ली. 'मारुतीपाशी भेटू' म्हटले, तर कोण कोठे पोहोचणार? म्हणून शेजारी जे दिसले, ते देवाला चिकटले. समोर पासोड्या विकल्या जात, तो पासोड्या विठोबा. निवडुंगात सापडला म्हणतात, तो निवडुंग्या विठोबा. हलवायाच्या शेजारचा तो जिलब्या मारुती. भिकारदास मारुतीचा तर भिकेशी काडीचा संबंध नाही; भिकारदास हा चांगला पैसेवाला सराफ होता! आज निवडुंग गेला, पासोड्या गेल्या. त्या गावाची, त्याच्या पोटापाण्याची खूण उरली ती नावात. पाटी बदलली की तीही गेली.

मुंबईकर या लाजेत आणखी पुढे. भेंडी बाजार हे नाव म्हणे साहेबाच्या 'बिहाइंड द बझार'वरून आले! अहो, जिथे फणसावरून फणसवाडी झाली आणि चिंचेवरून चिंचबंदर झाले, तिथे भेंडीच्या झाडांवरून बाजाराला नाव पडायला साहेबाची परवानगी लागते काय? पण आपल्या झाडापेक्षा साहेबाचे बोट धरलेले आपल्याला अधिक भूषणाचे वाटते.

"मग थोरांचा सन्मान करायचा नाही का?" असे कोणी विचारील. करा ना! पण लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकरांचे आणि ग्रँट रोडला मौलाना शौकत अलींचे नाव देऊनही लोकांच्या तोंडी जुनीच नावे राहिली. यात मान कोणाचा वाढला? थोरांना नवा पूल द्या, नवे ग्रंथालय द्या. दुसऱ्याचे उतरवलेले अंगरखे देऊ नका.

मात्र जुने तेवढे सोने म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. वस्त्यांना चिकटलेली जातींची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला, तो योग्यच होता. ती नावे माणसाला कमी लेखण्यासाठी दुसऱ्यांनी लादलेली होती. पत्ता सांगताना मान खाली घालावी लागे ती त्यांच्यामुळे. जिलब्या मारुतीने कोणाची मान खाली घातली? जे नाव माणसाला टोचते ते जावे. जे नुसते हसवते ते राहावे. एवढा साधा विवेक नाव बदलणाऱ्यांना का सुचू नये?

तेव्हा वाचकहो, यंदा भाऊबीजेला घरातल्या आजीला विचारा, आपल्या गल्लीला हे नाव का पडले? ती सांगेल ते लिहून ठेवा. आणि पुढच्या लग्नपत्रिकेवर तेच नाव ठळक अक्षरांत छापा. पाहुणे हसतील, पण वेळेवर पोहोचतील!